हुरड्याच्या दिवसांतले कवी

जानेवारी लागला की सोलापूरची सकाळ आणि दुपार एका गावच्या वाटत नाहीत. सकाळी स्वेटर घालून निघावं, तर अकरा वाजता तोच स्वेटर हातावर ओझं होऊन बसतो. परवा अशाच एका सकाळी मंडईच्या कोपऱ्यावर एका बाईच्या पाटीत ज्वारीची हिरवी कणसं दिसली. तिनं एक कणीस निखाऱ्यावर फिरवलं, तळहातावर चोळलं, फुंकर मारून तूस उडवलं आणि कोवळे दाणे माझ्या हातावर ठेवले. "खाऊन बगा की, मग घ्या."

दाणे गोड होते, जरा धुराचे. ते खात मी तिथंच उभी राहिले. दरवर्षी हुरडा येतो आणि दरवर्षी मी चार वर्षांपूर्वीच्या एका जानेवारीत जाऊन पोचते. त्या महिन्यात मी तीन कवींना भेटले होते. त्याआधी मी कवींना भेटले नव्हते असं नाही. पण ते सगळे सभागृहात भेटलेले, गळ्यात हार घातलेले.

मी मुद्रितशोधक आहे. पूर्वी छापखान्यात आणि आता घरी बसून दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढते. लग्नपत्रिका, गाइडं, साखर कारखान्यांचे अहवाल, आणि वर्षातून चारदा आमच्या शहरातून निघणारं एक लहानसं वाङ्मयीन त्रैमासिक. कविता मी आयुष्यभर वाचत आले. पण घड्याळजी घड्याळ बघतो तशी. त्याला चाकं दिसतात, वेळ दिसत नाही.

त्या वर्षी त्रैमासिकाचा कवींच्या मुलाखतींचा अंक निघायचा होता आणि मुलाखती घेणारे गृहस्थ मोटरसायकलवरून पडून, पाय मोडून घरी बसले होते. संपादक देशमाने सर माझ्याकडे आले.

"नीलाताई, तीन कवी राहिलेत. तुम्ही जाऊन या."

"सर, मला स्वल्पविराम कळतो. कविता कळते असं मी कधी म्हटलेलं नाही."

"मग तेच विचारा की. स्वल्पविराम कुठं द्यायचा हे त्यांना कसं कळतं?"

मी वहीत एकवीस प्रश्न लिहून काढले. सुवाच्य अक्षरात, शुद्ध.

पहिले कवी अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका गावात राहत होते. मल्लिनाथअण्णा. साठीचे, कपाळाला विभूती, बी-बियाण्यांचं दुकान. मुलाखत दुकानातच झाली, कारण दुकान बंद ठेवायचं त्यांच्या मनातही आलं नाही. गिऱ्हाईक आलं की ते कन्नडात बोलत, गेलं की माझ्याशी मराठीत. मध्ये काही सांधा दिसत नव्हता. मी माझा चौथा प्रश्न विचारला: कविता आपल्याला कोणत्या भाषेत सुचते?

त्यांनी करडईचं बी मापून पुडीत बांधलं. मग म्हणाले, "अक्का, तुमाला एक शब्द सांगतो. कन्नडात 'नेने' म्हणजे आठवणं. आनि 'नेने' म्हणजेच भिजणं. दोनीला एकच शब्द."

"आमच्याकडं ते आडनाव आहे," मी म्हटलं.

ते खूप हसले. मग हसणं ओसरलं आणि त्यांनी सांगितलं की धाकटा भाऊ गेला तेव्हा त्यांना कन्नडात एक ओळ आली. तिच्यात हा शब्द होता. भाऊ आठवत होता की डोळे भिजत होते, ते त्या ओळीत वेगळं काढता येत नव्हतं. कन्नडातली कविता त्याच आठवड्यात झाली. पण भाऊ शिकलेला मराठी शाळेत. त्याची कविता मराठीतही व्हायला हवी, असं अण्णांच्या मनानं घेतलं. आणि मराठीत एका शब्दात दोन्ही मावेनात.

"किती दिवस अडली?"

"सहा वर्षं."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण ते साधेपणानं सांगत होते, पाऊस किती वर्षं झाला नाही ते सांगावं तसं. सहा वर्षांनी एका सकाळी त्यांच्या बायकोनं मटकी भिजत घातलेलं भांडं उघडलं आणि ती म्हणाली, अगंबाई, किती फुगली ही. अण्णा तसेच उठून दुकानात आले आणि बियाण्याच्या पावतीपुस्तकामागं लिहिलं:

*भिजत घातली होती मूठभर,*
*सकाळी भांड्यात मावेना.*

एवढीच कविता. भावाचं नाव नाही, आठवण हा शब्द नाही, रडणं नाही. मी ती दोनदा वाचली आणि माझ्या हातातलं पेन बंद करून ठेवलं.

"एका शब्दासाठी सहा वर्षं थांबलात, अण्णा?"

"मग? बियानं इकनारा मानूस मी. उगवण बगितल्याबिगर गिऱ्हाइकाला देत न्हाय."

परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर ज्वारी मागं पळत होती. मी आजवर छापखान्यात एका दिवसात अठ्ठेचाळीस पानं तपासली होती आणि त्याचा मला अभिमान होता. त्या संध्याकाळी तो कुठं ठेवावा हे मला समजेना.

दुसरे कवी शहरातलेच. अंबादास हे त्यांचं नाव. घरात तेलुगू, लिहायचे मराठीत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर तीस वर्षं काढलेली, आणि त्या खडखडाटानं दोन्ही कान नेलेले. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पहिला प्रश्न विचारला, ते माझ्या ओठांकडे बघत राहिले, आणि शेजारी विड्या वळत बसलेली त्यांची बायको म्हणाली, "त्यांना ऐकू येत न्हाई, ताई. लिवून द्या."

मी वही पुढं केली. माझा प्रश्न असा होता: 'आपल्या काव्यनिर्मितीच्या प्रक्रियेमागील मूळ प्रेरणा नेमकी कोणती असावी असे आपणास वाटते?' त्यांनी तो वाचला. खिशातलं पेन काढलं. 'असे आपणास वाटते' वर रेघ मारली. 'नेमकी' गेलं. 'मूळ' गेलं. 'प्रक्रिया' गेली. माझ्याकडे एकदा बघून, जरा ओशाळून, त्यांनी उरलेलंही खोडलं आणि वर लिहिलं: 'का लिहिता?'

आयुष्यात पहिल्यांदा माझा कागद दुसऱ्या कुणीतरी तपासला होता.

"का ते ठाऊक नाही," ते मोठ्यानं म्हणाले. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं त्यांचं बोलणं सगळं एका पट्टीत यायचं. "कसं ते विचारा."

मी लिहिलं: 'कसं?'

ते उठून बायकोच्या समोर, चार हातांवर बसले. तिच्या मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं आणि तंबाखू. बोटं चालू होती. पान, तंबाखू, वळण, दोरा. त्यांनी वहीतून वाचायला सुरुवात केली. नजर वहीत नव्हती. नजर तिच्या बोटांवर होती.

*दारात कुणी आलं*
*हे तुझ्या उठण्यावरून कळतं.*
*कुणीच आलेलं नसताना*
*तू कशाला उठतेस?*

शेवटच्या ओळीला तिची बोटं थांबली. अर्धी वळलेली विडी तशीच राहिली. मग तिनं मान खाली घातली आणि बोटं पुन्हा चालू झाली.

"बगितलं?" ते मला म्हणाले. "तिला मराठी कविता सगळी कळत न्हाई. तिची बोलायची भाषा तेलुगू. पन बोटांना कळतंय. ओळ लांबली तर बोटं पुढं पळतात. शब्द खोटा पडला तर ती मला न ऐकताच विडी बांधून टाकते. मला कान न्हाईत, ताई. मी तिच्या हातावर ऐकतो."

मी लिहिलं: 'ही कविता किती वेळा वाचून दाखवली?'

त्यांनी बायकोकडे बघून तेलुगूत काही विचारलं. तिनं बोटं न थांबवता उत्तर दिलं आणि ते तिच्या ओठांवरून समजून घेऊन हसले. "ती म्हनते, वाचायला लागलात तेव्हापासून दोन उन्हाळे झाले."

मी त्या बाईंना विचारलं, कुणी आलेलं नसताना तुम्ही खरंच उठता का? त्या पानं भिजवलेलं फडकं पिळत म्हणाल्या, "पोरगा परगावी गेलाय न्हवं. वाटतं कदीकदी." आणि मग हळूच, त्यांना दिसू नये अशा बेतानं मान वळवून, "त्यांनी हे कुटं बगितलं, कुनास ठाऊक. मी तर त्यांची पाठ असताना उठते."

मी घरी आले आणि वहीतले एकवीस प्रश्न पुन्हा वाचले. अठरा खोडले. उरलेले तीन इतके लहान होते की ते मीच लिहिले यावर विश्वास बसेना.

आता लिहिताना मला जाणवतं, की या दोघांपाशी मी निर्धास्त होते. थक्क होणं सोपं असतं. त्यात आपलं काही जात नाही. तिसऱ्या मुलाखतीला माझं काही जाणार होतं, आणि ते मला आदल्या दिवशी कळलं.

देशमाने सरांनी पत्ता दिला: विशाखा, परिचारिका, वैरागजवळचं एक गाव. नाव ओळखीचं वाटलं. मी माझ्या जुन्या मुद्रितांचं कपाट उघडलं. मी तपासलेली पानं जपून ठेवते, खोड म्हणा. त्रैमासिकाच्या नऊ वर्षांपूर्वीच्या एका अंकात विशाखाची पहिली कविता होती, आणि तिच्या शेवटच्या ओळीवर माझ्या लाल पेनाचं वर्तुळ होतं. तिनं लिहिलं होतं, 'हाय'. मी वर्तुळ करून समासात लिहिलं होतं, 'आहे'. आणि खाली, कुणी शंका घेऊ नये म्हणून, 'प्रमाण'.

आमच्या घरी 'ण'चा 'न' झाला तर वडील घास हातात धरून थांबायचे. शब्द सुधारून म्हटल्यावरच तो घास तोंडात जायचा. त्या शिस्तीवर मी पुढं पोट भरलं. ते वर्तुळ काढताना माझा हात जराही अडखळला नसणार, हे मला त्या पानाकडे बघताच कळलं.

गावात उतरले तेव्हा दहा वाजले होते. विशाखा चाळिशीच्या आतली, गोल चेहऱ्याची, सुट्टी असूनही मनगटावर उलटं घड्याळ बांधलेली. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाचा फोटो, आणि घराच्या मागच्या दारापासून सुरू होणारं एक एकर ज्वारीचं रान. कणसं हुरड्यात आली होती. तिची आई, शेवंताबाई, मागच्या अंगणात शेणी पेटवून केलेल्या आगटीपाशी बसली होती. गरम राखेत कणसं पुरायची, काढायची, चोळायची. सत्तरी ओलांडलेली, पण तळहात असा की निखाऱ्याचं कणीस त्याला गार.

"खा बाई," तिनं पुढ्यात दाणे ठेवले. "लांबून आलीस. आदी खा, मग काय लिवायचं ते लिव."

मी दाण्यांना हात लावला नाही. मी विशाखाला माझ्या तीन प्रश्नांतला पहिला विचारला: छापून आलेली कविता घरी वाचून दाखवता का?

"पहिली दाखवलेली," ती म्हणाली. "मायवरचीच होती. नर्सिंग शिकायला सोलापुरात होते, सुट्टीला घरी यायची. दारातून हाक मारायची, माय, हायस का? ही रानात असायची. ज्वारीतनं हिचा आवाज यायचा, हाय. तेवढंच. त्याच्यावर पिशवी खाली ठेवायची मी. अंक आला तसा मी हिला वाचून दाखवला. ऐकून घेतलं हिनं सगळं. आनि म्हनली—"

ती हसली आणि आईकडे बघितलं. आई कणीस चोळत होती.

"म्हनली, ही कोन बाई बोलतीया आपल्या घरात?"

आगटीचा धूर माझ्याकडे वळला होता, ते बरं झालं. मी म्हटलं, "ती बाई मी होते."

तिला समजलं नाही. मी पिशवीतून ते जुनं पान काढून तिच्या हातात दिलं. लाल वर्तुळ, समासातलं 'आहे', खालचं 'प्रमाण'. तिनं ते बघितलं. मग पान घेऊन उठली आणि घरात गेली. मला वाटलं, संपलं. बस किती वाजता असेल, असा विचार माझ्या मनात आला, आणि त्या विचाराचीही लाज वाटली. शेवंताबाईनं माझ्यासमोरच्या न खाल्लेल्या दाण्यांकडे बघितलं आणि त्यावर थोडी शेंगदाण्याची चटणी ठेवली.

विशाखा बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तो जुना अंक होता. डोळे ओले होते.

"खरं सांगू का ताई? राग आलावता, व्हय. पन तुमचा न्हाय. तुमी कोन हेच ठाऊक नव्हतं." ती आगटीपाशी बसली. "अंक हातात आला, 'आहे' बघितलं, आनि मला बरं वाटलंवतं. वाटलं, चूक होती माझी, कुनीतरी झाकली. होस्टेलात माझ्या बोलन्यावर पोरी हसायच्या ना. मग मायनं विचारलं, ही कोन बाई. तवा कळलं, माझ्याच मायच्या तोंडातल्या शब्दाला मी लाजले. तुमी वर्तुळ केलं, पन मी ते मान्य केलं हुतं."

पुढं ती जे बोलली ते मी वहीत लिहून घेतलं नाही. मला ते आजही पाठ आहे. ती म्हणाली की त्या दिवसापासून ती प्रत्येक शब्द लिहिण्याआधी विचारते, हा कोणाच्या घरातला? वॉर्डातली कविता असली तर वॉर्डातले शब्द, डॉक्टरांचे इंग्रजी शब्दसुद्धा. आईची असली तर आईचे. कवितेत पाहुणा शब्द चालतो, ती म्हणाली, पण त्यानं पाहुण्यासारखं वागावं. घरच्या माणसाला उठवून त्याच्या जागेवर बसू नये. इतक्या वर्षांच्या शुद्धलेखनात हा नियम मला कुठल्या पुस्तकात सापडला नव्हता.

मुलाखतींच्या अंकाची मुद्रितं पुढं माझ्याकडेच आली. विशाखाच्या मुलाखतीशेजारी ती कविता आम्ही पुन्हा छापली, तिनं लिहिली होती तशी. मी ती अक्षर न् अक्षर तपासली. लाल पेनानं एकच गोष्ट केली: समासात लिहिलं, 'असेच हवे'. आताही मजकूर तपासताना एखादा 'न्हाय', एखादं 'कुटं' आलं की मी थांबते, लेखकाला फोन करते. काहीजण म्हणतात, अहो चूक आहे ती, दुरुस्त करा. काहीजण गप्प होतात. त्या गप्प होण्याची आता मला ओळख पटते.

पण त्या दिवशी अंगणात एवढं पुढचं काही सुचत नव्हतं. विशाखानं अंक माझ्यापुढं धरला. "मायला वाचून दाखवा. नीट. तुमीच."

मी वाचलं. शेवटच्या शब्दाशी आले, श्वास घेतला आणि म्हटलं, "हाय."

शेवंताबाईनं मान हलवली. "तसं न्हाय."

मी पुन्हा म्हटलं.

"आगं, हितनं काय म्हनतीस कानाशी? मी हितं असायची व्हय?" तिनं चोळलेलं कणीस रानाकडे रोखलं. "तितनं म्हन. बांधापासनं. मी तितं असायची."

मी विशाखाकडे बघितलं. ती हसत नव्हती. मी चपला काढून ठेवल्या, पदर खोचला आणि ज्वारीत शिरले. ताटं माझ्या डोक्याच्या वर होती. पानांच्या कडा गालाला लागत होत्या, पायाखाली ढेकळं फुटत होती, आणि दहाएक पावलांत घर दिसेनासं झालं. बांधाला पोचले. तिथून अंगणात कोण बसलंय ते दिसत नव्हतं. धूर तेवढा दिसत होता. वयाच्या बावन्नाव्या वर्षी दुसऱ्याच्या रानात एक शब्द म्हणायला मी उभी होते, परीक्षेला बसल्यासारखी. मल्लिनाथअण्णांना एका शब्दासाठी सहा वर्षं का लागली ते मला तिथं कळलं. शब्द मला माहीत होता. तो कुठून म्हणायचा ते माहीत नव्हतं.

लांबून, धुराच्या बाजूनं, म्हातारीची हाक आली. "हायस का गं?"

"हाय," मी म्हटलं. आवाज पानांतच राहिला.

"हायस का?"

मी पोटातून ओरडले, "हाय!"

कणसांवर दाणे टिपत बसलेल्या चिमण्यांचा थवा भुर्रकन उठला आणि माझ्या डोक्यावरून बांधापलीकडे गेला. मी वाट बघत राहिले, चूक की बरोबर.

"हायस तर ये की मग भाईर," शेवंताबाई ओरडली. "भाकर निवतीया."